रसद नेणाऱ्या यानालाही चार ओळी द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अवकाशस्थानकावर पानभर मजकूर आला, तो मी दोनदा वाचला. अंतराळवीर झोपतात कसे, व्यायाम कसा करतात, खिडकीतून पृथ्वी कशी दिसते, हे सगळं छान आलं आहे. पण तिथल्या माणसांना रोज लागणारं सामान येतं कुठून, याबद्दल त्या पानात एक वाक्यही नाही. छायाचित्रात स्थानकाला खालून चिकटलेलं, दोन गोल पंखांचं, पिंपासारखं एक यान स्पष्ट दिसतं. चित्राखालच्या ओळीत त्याचं नाव नाही. त्याच्यावरून हे पत्र लिहायला बसले.

मी एका मोठ्या रुग्णालयाच्या भांडारात ३१ वर्षं काम केलं, त्यातली शेवटची नऊ भांडारपाल म्हणून. रुग्णांना डॉक्टरांची नावं पाठ असतात, नर्सचीही असतात. भांडाराची आठवण होते ती शस्त्रक्रियेच्या टेबलावर टाक्यांचा दोरा कमी पडला तरच. सगळं वेळेवर मिळत राहिलं, तर अशी एक खोली आहे आणि तिथे कुणी बसतं, हे बाहेर कुणाला ठाऊकही नसतं. म्हणून मालवाहू यानांविषयी मला जे वाटतं ते नुसतं विज्ञानाचं कुतूहल नाही. ते काम मला ओळखीचं वाटतं.

याची सुरुवात २८ जून २०१५ ला झाली. संध्याकाळी टीव्हीवर दाखवलं, एक रॉकेट निळ्या आकाशात चढलं आणि दोन-सव्वादोन मिनिटांत त्याचा पांढरा ढग झाला. निवेदिका म्हणाली, यानात कोणी नव्हतं, त्यामुळे जीवितहानी नाही. लगेच पुढची बातमी सुरू झाली. माझ्या मनात भांडारातला नेहमीचा प्रश्न आला. ज्यांच्यासाठी हे सामान निघालं होतं, त्यांच्याकडे आता किती दिवसांचं शिल्लक आहे?

दुसऱ्या दिवसापासून मी शोधून वाचायला लागले आणि एक वही केली. वहीच्या पहिल्याच पानावर तीन तारखा आहेत आणि तिन्ही २८ च आहेत. २८ ऑक्टोबर २०१४ ला एका अमेरिकी कंपनीचं सिग्नस हे मालवाहू यान घेऊन निघालेलं अँटारेस रॉकेट उड्डाणानंतर पंधराएक सेकंदांत फुटून प्रक्षेपणतळाशेजारीच कोसळलं. २८ एप्रिल २०१५ ला रशियाचं प्रोग्रेस हे मालवाहू यान रॉकेटपासून वेगळं होतानाच बिघडलं, गिरक्या घेत राहिलं आणि ८ मे रोजी वातावरणात जळून गेलं. २८ जूनला स्पेसएक्स या अमेरिकी कंपनीचं ड्रॅगन गेलं, तेच मी टीव्हीवर पाहिलेलं. त्या वेळी आंतरराष्ट्रीय स्थानकाला माल पोचवणारी यानं चारच प्रकारची होती. आठ महिन्यांत त्यांतली तीन पडली. कारणंही तिन्ही वेगळी होती. पहिल्यात सोव्हिएत काळात बनलेल्या जुन्या इंजिनाचा पंप फुटला. दुसऱ्यात रॉकेट आणि यान सुटं होतानाची गडबड झाली. तिसऱ्यात हेलियमची टाकी धरून ठेवणारा एक दांडा तुटला. कंपनीच्या चौकशीप्रमाणे, जो भार पेलेल असं लिहून दिलं होतं त्याच्या पाचव्या हिश्श्यालाच तो मोडला. हे वाचताना मी पुस्तक मिटून थोडा वेळ गप्प बसले. पुरवठादाराचं प्रमाणपत्र बघून आपण माल आत घेतो आणि शिक्का मारतो. पेटी उघडून एकेक नग कोण तपासतं?

अँटारेसच्या स्फोटात शाळकरी मुलांचे प्रयोग जळाले होते. त्यांतल्या काही मुलांनी पुन्हा कंबर कसली, प्रयोग नव्याने बांधले, आणि ते नेमके जूनच्या ड्रॅगनमध्ये ठेवले गेले. ते दुसऱ्यांदा जळाले. त्याच यानात एक अंतराळपोशाख होता आणि पुढच्या काळातल्या यानांना जोडून घेण्यासाठी बनवलेलं मोठं कडंही होतं. ‘जीवितहानी नाही’ एवढ्या दोन शब्दांत हे सगळं वाहून गेलं.

स्थानकावर तेव्हा तिघे होते. गेनादी पदाल्का, मिखाइल कोर्नियेन्को आणि स्कॉट केली. शेवटचे दोघे तर जवळजवळ वर्षभराच्या मुक्कामावर होते. ते उपाशी राहिले नाहीत, कारण काही महिन्यांचा साठा आधीपासून राखून ठेवलेला होता. शिवाय ३ जुलैला नवं प्रोग्रेस निघालं आणि ५ तारखेला पोचलं. मग ऑगस्टमध्ये चौथ्या प्रकारचं यान गेलं, जपानचं कोनोतोरी. कोनोतोरी म्हणजे करकोचा. जूनमध्ये जे गेलं होतं त्यातलं तातडीचं, पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रणेचे भाग वगैरे, घाईने त्यात भरून दिलं होतं. २४ ऑगस्टला किमिया यूई या जपानी अंतराळवीराने स्थानकाच्या यांत्रिक हाताने ते धरलं. २००९ ते २०२० या काळात कोनोतोरीच्या नऊ फेऱ्या झाल्या आणि नऊच्या नऊ पोचल्या. सिग्नसवाल्यांनी काय केलं? आपलं रॉकेट दुरुस्त होईपर्यंत हातावर हात ठेवून न बसता त्यांनी डिसेंबर २०१५ मध्ये यान दुसऱ्याच कंपनीच्या रॉकेटवर चढवून पाठवलं. माझ्या लेखी हे फार शहाणपणाचं. ट्रक बंद पडला तर दुसरा ट्रक बघायचा, माल थांबता कामा नये.

इथे माझा एक अनुभव सांगते. एका वर्षी लेखापरीक्षकांनी माझ्यावर आक्षेप घेतला. सलाइनच्या नळ्या आणि टाक्यांचा दोरा तीन महिने पुरेल एवढा का ठेवलात, एवढा पैसा अडकवून ठेवायचं कारण काय, असं लेखी विचारलं. मी उत्तर दिलं, ते मान्य झालं नाही, साठा निम्म्यावर आणा असा आदेश आला. मी आणला. पुढच्याच पावसाळ्यात एका पुरवठादाराची खेप वाटेत भिजून बाद झाली आणि दुसऱ्याने, कंत्राट असूनही, माल नाही म्हणून हात वर केले. अकरा दिवस आम्ही दोऱ्याची एकेक पाकिटं मोजून दिली. तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. कुणाचा जीव गेला नाही, पण ज्यांच्या तारखा पुढे गेल्या त्यांचे चेहरे मला अजून आठवतात. राखीव साठा आणि दुसरा पुरवठादार हे ज्यांना उधळपट्टी वाटतात, त्यांनी ते अकरा दिवस माझ्या खिडकीशी उभं राहून बघायला हवे होते.

रसद हा शब्द आपल्याकडे लढाईतून आला आहे. रसद तुटली की भक्कम गडही पडतो, हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. अवकाशस्थानकाची गोष्टही तीच आहे. अमेरिकेचं स्कायलॅब १९७३ मध्ये वर गेलं तेव्हा पाणी, हवा, अन्न, कपडे जवळजवळ सगळं सुरुवातीलाच भरून पाठवलं होतं. तीन तुकड्या तिथे राहून आल्या, शेवटची ८४ दिवस. पुढे साठा भरून काढणारं, किंवा खाली खाली येणाऱ्या स्थानकाला वर ढकलणारं यान तयार नव्हतं. ११ जुलै १९७९ ला स्कायलॅब कोसळलं, काही तुकडे ऑस्ट्रेलियात पडले. ज्यांचं वय तेव्हा कळतं होतं त्यांना त्या दिवसांतली घबराट आठवत असेल. ते का पडलं हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं.

त्याआधीच सोव्हिएत संघाने वेगळी वाट धरली होती. सॅल्यूत-६ या स्थानकाला त्यांनी एकाऐवजी दोन दारं ठेवली. एका दाराशी माणसांचं सोयूझ उभं असलं तरी दुसरं मोकळं राहावं म्हणून. २० जानेवारी १९७८ ला पहिलं प्रोग्रेस निघालं, २२ तारखेला त्या दुसऱ्या दाराशी आपोआप जोडलं गेलं. आत युरी रोमानेन्को आणि ग्योर्गी ग्रेच्को होते. यानात साधारण २३०० किलो माल होता, त्यातलं एक टन इंधन. फेब्रुवारीच्या सुरुवातीला ते इंधन स्थानकाच्या टाक्यांत भरलं गेलं. फिरत्या स्थानकात इंधन भरण्याची ती पहिली वेळ. ते दोघे ९६ दिवस राहिले आणि स्कायलॅबचा विक्रम मोडला. पुढे मीर या रशियन स्थानकावर वालेरी पोल्याकोव्ह सलग ४३७ दिवस राहिले, तेही अशाच फेऱ्यांच्या जोरावर. माणूस अवकाशात किती दिवस राहू शकतो, हा प्रश्न आपण नेहमी शरीराचा आणि धैर्याचा धरतो. तो पुरवठ्याचाही आहे.

प्रोग्रेसची मांडणी बघितली आणि मला तिच्यात एका चांगल्या भांडारपालाचं डोकं दिसलं. सोयूझमध्ये माणसं बसतात तो मधला भाग काढून तिथे इंधनाच्या टाक्या बसवल्या. हे इंधन अत्यंत विषारी असतं. म्हणून त्या टाक्या माणसं ज्यात शिरतात त्या मालाच्या कप्प्यात ठेवल्या नाहीत, आणि नळ्याही कप्प्याच्या बाहेरून नेल्या. गळती झालीच तर विष बाहेर पोकळीत जाईल, घरात येणार नाही. आमच्याकडे स्पिरिट आणि ईथर वेगळ्या खोलीत, वेगळ्या दाराने ठेवायचे, त्यामागे हाच विचार होता. परतीसाठी लागणारं उष्णतारोधक कवचही काढून टाकलं, कारण परत यायचंच नाही. तेवढं वजन मालाला मिळालं.

रिकामं झालेलं यान लगेच सोडून देत नाहीत. स्थानकावर कपडे धुण्याची सोय नाही. कपडे वापरायचे आणि टाकायचे. ते कपडे, रिकामी वेष्टनं, मोडके भाग, सगळा कचरा त्याच यानात परत भरतात. शिवाय साधारण ४०० किलोमीटर उंचीवरही विरळ हवेचा अडथळा असतोच, त्यामुळे स्थानक महिन्याला दोनेक किलोमीटर खाली येतं. जोडलेल्या यानाची इंजिनं चालवून त्याला पुन्हा वर ढकलतात. मग एके दिवशी यान सुटतं आणि दक्षिण पॅसिफिकच्या ओसाड भागावर जळून जातं. ड्रॅगन तेवढं समुद्रात सुखरूप उतरतं आणि गोठवलेले नमुने, दुरुस्तीचे भाग परत आणतं. बाकीच्यांचा शेवट असाच.

हिशेबाची चूक किती महागात पडते याचं उदाहरण २००४ चं आहे. फेब्रुवारी २००३ मध्ये कोलंबिया यान कोसळलं, कल्पना चावला आणि त्यांचे सहा सहकारी गेले. त्यानंतर जुलै २००५ पर्यंत अमेरिकेची शटल उडाली नाहीत. स्थानक बंद पडू नये म्हणून तिथे फक्त दोन माणसं ठेवली आणि त्यांची सगळी भिस्त प्रोग्रेसवर होती. २००४ च्या शेवटी लेरॉय चिआओ आणि सालिझान शारिपोव्ह वर असताना लक्षात आलं, की अन्न नोंदीत दिसतं त्यापेक्षा कमी आहे. आधीच्या मुक्कामात ठरल्यापेक्षा जास्त वापरलं गेलं होतं आणि शिल्लक नीट मांडली गेली नव्हती. दोघांना जेवण कमी करावं लागलं. येणारं प्रोग्रेस चुकलं असतं तर स्थानक सोडून परतायची वेळ आली असती. ते ऐन नाताळात पोचलं. साठा नोंदवहीत एक आणि कपाटात दुसरं, हे ज्याने कधी अनुभवलं असेल त्यालाच त्या दोघांच्या पोटातला गोळा कळेल. आता तिथल्या प्रत्येक पिशवीला क्रमांक आणि पट्ट्यांचा संकेत (बारकोड) असतो, आणि कुठली वस्तू कुठल्या कप्प्यात आहे हे सांभाळायला जमिनीवरच्या नियंत्रण कक्षात खास माणूस बसतो. त्याचं काम आणि माझं काम एकच होतं, हे वाचून मला फार आनंद झाला.

ही यानं चुकतातही, आणि चुकली की भयंकर चुकतात. २५ जून १९९७ ला मीरवर प्रोग्रेस हाताने जोडण्याची चाचणी चालली होती. वासिली त्सिब्लियेव्ह पडद्यावरच्या चित्रावरून ते चालवत होते. वेग आवरला नाही. यान स्पेक्तर या कक्षावर आदळलं, भोक पडलं, हवा निसटायला लागली. आलेक्सांद्र लाझुत्किन आणि मायकेल फोल यांनी दारातून गेलेल्या तारा तोडून, ओढून काढून तो कक्ष बंद केला. फोल यांची झोपायची जागा आणि त्यांचं सामान आतच राहिलं. पण गोष्ट इथे संपत नाही, आणि नेहमी इथेच संपवून सांगतात याचं मला वाईट वाटतं. त्या कक्षाची वीज परत जोडता यावी म्हणून तारांची सोय असलेलं एक खास झाकण बनवलं गेलं. बाराएक दिवसांत ते वर पोचवलं कुणी? पुढच्याच प्रोग्रेसने.

वहीतलं एक पान मी वेगळं ठेवलं आहे. २ ऑक्टोबर २०२० ला निघालेल्या सिग्नस यानाला कल्पना चावला यांचं नाव दिलं होतं. ५ तारखेला ते पोचलं. त्यात स्थानकासाठी नव्या रचनेचं शौचालय होतं. अशा मोठ्या नावाच्या यानात शौचालय, असं कुणाला वाटेल. मला तसं मुळीच वाटलं नाही. रुग्णालयात बेडपॅन संपले की वॉर्डात काय होतं ते मी बघितलं आहे. जानेवारी २०२१ मध्ये ते सुटलं आणि सुटल्यावरही रिकामं हिंडलं नाही. वजनरहित जागेत आग कशी पसरते याचा एक प्रयोग त्याच्या पोटात करण्यात आला. माणसं असलेल्या स्थानकात अशी आग कोण लावेल? २०१६ पासून जाणाऱ्या सिग्नस यानांत हे प्रयोग झाले. मग ते वातावरणात शिरून जळालं. त्या नावाचं यान जळून गेलं हे वाचताना डोळ्यांत पाणी आलं खरं, पण या वेळी आत कुणीही नव्हतं.

सुनीता विल्यम्स यांच्या लांबलेल्या मुक्कामावर तर आपण सगळ्यांनीच किती वाचलं. त्यातली एक गोष्ट फारशी कुणाच्या नजरेत आली नाही. जून २०२४ मध्ये त्यांचं यान निघण्याच्या बेतात असताना स्थानकावरचा, मूत्रापासून पाणी करण्याच्या यंत्राचा पंप बंद पडला. स्थानकावर जवळजवळ ९८ टक्के पाणी परत वापरात येतं, पण ते हे यंत्र चालू असलं तर. नवा पंप तातडीने पाठवायला जागा हवी म्हणून सुनीता आणि त्यांचे सहप्रवासी बुच विल्मोर यांच्या कपड्यांच्या दोन बॅगा यानातून उतरवल्या. मुक्काम आठवड्याभराचाच होता. तो महिन्यांचा झाला, आणि त्यांचे कपडे ऑगस्टमध्ये गेले, ते सिग्नस मालवाहू यानातून.

आणि माल नेहमी आकाशातच खराब होतो असं नाही. २०२५ च्या सुरुवातीला एका सिग्नस यानाचा मालाचा कप्पा प्रक्षेपणतळाकडे नेतानाच, पेटीत, खराब झाला. ती फेरी रद्द करावी लागली. मग एप्रिलच्या ड्रॅगनमधले काही प्रयोग मागे ठेवून त्यात जीवनावश्यक सामान जास्त भरलं. वाहतुकीत झालेल्या नुकसानीचे किती अर्ज मी आयुष्यभर भरले! इतकी प्रगत यंत्रणा, आणि अडचण तीच.

आता दोन शब्द भाषेविषयी. आपण या यानांना ‘मानवरहित’ म्हणतो. त्यात काय नाही एवढंच त्या शब्दातून कळतं. शिवाय त्याने असं वाटतं, की त्याच्यामागे माणूसच नाही. खरं तर शेवटच्या चोवीस तासांतही त्यात माणसं नाशिवंत वस्तू आणि सजीव नमुने हाताने भरत असतात. कुठली पिशवी कुठे बसली की यानाचा तोल नीट राहील याचा आराखडा महिनोन्‌महिने आधी कुणीतरी करतं. स्थानकाजवळ येताना दोन्ही ताशी २८ हजार किलोमीटरच्या वेगाने पळत असतात. सिग्नससारखं यान स्थानकाच्या खाली दहाएक मीटरवर येऊन थांबतं, आपली इंजिनं बंद करतं आणि मग वरचा माणूस यांत्रिक हाताने ते धरतो. त्या वेळी दोघांमधला सापेक्ष वेग सेकंदाला काही सेंटिमीटर, म्हणजे नसल्यात जमा असतो. चीनच्या मालवाहू यानाचं नाव तियानझोऊ, म्हणजे आकाशनौका. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यांतलं पाचवं यान उड्डाणानंतर दोन तास सात मिनिटांत चीनच्या स्वतःच्या स्थानकाला जोडलं गेलं. त्यांनी नौका म्हटलं, जपान्यांनी करकोचा म्हटलं. आपण निदान ‘रसदयान’ म्हणू या. उच्चारायला सोपं आहे आणि काम काय ते लगेच कळतं.

आजचं आंतरराष्ट्रीय स्थानक २०३० नंतर खाली आणायचं ठरलं आहे. त्यासाठी ड्रॅगनच्याच बांधणीचं एक जादा इंधनाचं यान बनवण्याचं काम २०२४ मध्ये दिलं गेलं. मीरलाही २३ मार्च २००१ ला पॅसिफिकमध्ये सुखरूप उतरवलं ते एका प्रोग्रेसनेच. त्यानंतरची स्थानकं खासगी कंपन्या बांधण्याच्या तयारीत आहेत. मला धास्ती वाटते ती इथे. खर्च कमी दाखवण्यासाठी कुणीतरी म्हणेल की एकच पुरवठादार पुरे, राखीव साठा निम्मा करा. कागदावर तो हिशेब सुरेख दिसेल. त्या वेळी २०१४-१५ मधल्या त्या तीन तारखा लोकांना माहीत असायला हव्यात, आणि त्या माहीत व्हायच्या तर वर्तमानपत्रात आधी छापून यायला हव्यात.

म्हणून माझी विनंती एवढीच आहे. रसदयान निघालं की आतल्या पानावर चार ओळींचा चौकोन द्या. कधी निघालं, आत काय होतं, कधी पोचलं, आणि काम संपल्यावर कधी जळून गेलं. आमच्या बिन कार्डावरही, म्हणजे प्रत्येक वस्तूच्या कप्प्याला लावलेल्या नोंदीच्या कार्डावरही, तारीख, आवक, जावक, शिल्लक असे चारच रकाने असायचे. त्यांवर ३१ वर्षं एक रुग्णालय चाललेलं मी बघितलं आहे. चूक झाली तर तीही छापा, पण मागाहून दुसऱ्या यानाने ती उणीव भरून काढली तर तेही छापा.

आणि पुढच्या वेळी स्थानकाचं छायाचित्र देताना कडेच्या यानाचं नाव खाली लिहा. या वेळचं मी चित्र कापून वहीत चिकटवलं आहे आणि शेजारी लिहून ठेवलं आहे. ते सिग्नस होतं. गोल पंखांवरून ओळखलं.

आपली विश्वासू,
एक निवृत्त भांडारपाल